परसातील कोंबड्यांचे जाळीचे आवार: छप्पर उत्तम, पश्चिम बाजू अपुरी, जमीन ग्राहकावर सोडलेली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याकडून आम्ही परसातील दहा गावठी कोंबड्यांसाठी ८ फूट रुंद आणि १२ फूट लांब असे छप्पर असलेले जाळीचे आवार करून घेतले. उन्हाळा, वळीव, संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडी असे सर्व ऋतू त्यात पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहोत. कोंबड्या रात्री बसतात ते विटांचे खुराडे आमच्याकडे पूर्वीपासून होते आणि नवे आवार त्याच्या पश्चिमेला जोडून घेतले. येथे विचार केला आहे तो कोंबड्या दिवसभर जिथे वावरतात, उकरतात आणि धुळीत लोळतात त्या जागेचा. तिथे ओल राहू नये आणि भर दुपारी सावली असावी, एवढ्या दोनच अपेक्षा होत्या. ज्यांना निष्कर्ष आधी हवा आहे त्यांच्यासाठी सांगतो की सांगाडा आणि छप्पर यांचे काम आम्हांला मनापासून आवडले, पश्चिमेची बाजू मूळ आराखड्यात अपुरी होती आणि ती पदरचे पैसे घालून सुधारावी लागली, आणि जमिनीबद्दल कारखानदार एक शब्दही बोलत नाही, जरी आवार कोरडे राहणार की नाही हे निम्म्याहून अधिक तिथेच ठरते.

या दोन अपेक्षा कोल्हापुरात एकमेकींच्या आड येतात. पावसासाठी चारही बाजू बंद केल्या तर आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि जमीन खालून ओली होत जाते. उन्हासाठी नुसते शेडनेट टाकले तर मृगाच्या पहिल्या सरीत खाली चिखल होतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि जास्तीची उष्णता ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून बाहेर टाकते. हवा दमट असेल तर ही धापही फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून वळीव पडून गेल्यानंतरची कोंदट दुपार ही एप्रिलमधल्या कोरड्या दुपारीपेक्षा कोंबड्यांना जड जाते. दुसऱ्या बाजूला, ओल्या जमिनीत कॉक्सिडिओसिसच्या (रक्ती हगवणीच्या) परजीवींना हवे ते सगळे मिळते. विष्ठेतून पडलेल्या त्यांच्या अंड्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती बाधा करण्याजोगी होतात, आणि रक्ती हगवण लागलेली लहान तलंग पाहता पाहता हातची जाते. सावली आणि कोरडेपणा या सोयी म्हणून मागायच्या गोष्टी नाहीत. कोंबड्या जगण्यासाठी त्या लागतात, आणि या आवाराकडे आम्ही त्याच नजरेने पाहिले.

कारखानदाराची पहिली चांगली गोष्ट ही की त्याने मापे घ्यायला आल्यावर पूर्व कोणती आणि पश्चिम कोणती हे विचारले. आवाराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, जशी मोठ्या पोल्ट्री शेडची ठेवतात, हा आग्रह त्याचाच. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन ज्या टोकांवर येते ती टोके अरुंद राहतात. छप्पर एकाच उताराचे आहे: उत्तरेची बाजू ७ फूट उंच, दक्षिणेची साडेपाच फूट, आणि पत्रा चारही बाजूंना एकेक फूट पुढे आलेला. कोल्हापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांत माध्यान्ही छपराखालची सगळी जागा सावलीत असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो आणि त्या वेळी ऊन दक्षिणेच्या जाळीतून साडेतीन फुटांपर्यंत आत येते. हिवाळ्यात कोंबड्या नेमक्या त्याच पट्ट्यात पंख पसरून पडलेल्या असतात आणि तिथले जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस आपोआप वाळून निघते. दक्षिणेची बाजू बंद करून घेण्याचा मोह होतो, पण ती उघडीच ठेवावी असे आम्ही आग्रहाने सांगू.

पत्र्याचा रंग मात्र स्वतःहून सांगावा लागतो. काही न सांगितल्यास निळा पत्रा येतो, कारण तोच बहुतेकांना हवा असतो. आम्ही पांढरा मागितला आणि दरात फरक पडला नाही. गडद पत्रा ऊन शोषतो आणि तीच उष्णता खाली कोंबड्यांच्या पाठीवर सोडतो. सावली असूनही भाजल्यासारखे होते ते त्यामुळे. पांढऱ्या पत्र्यानेही काम पूर्ण होत नाही म्हणून मार्चमध्ये आम्ही वर उसाच्या पाल्याचा सहा इंच थर अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून जुने शेडनेट टाकून बांधला. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या हंगामाच्या शेवटी पाला फुकट मिळतो आणि पत्रा व ऊन यांच्यामध्ये हवेचा थर धरून ठेवण्याचे काम तो फार चांगले करतो. तो पावसाळ्यापूर्वी उतरवायलाच हवा, नाहीतर कुजून पन्हळ तुंबते आणि त्याच्याखाली पत्र्याला गंज धरतो. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूस दव जमून ठिबकते, तेही अशा थराने कमी होते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये पाला पुन्हा चढवण्याचा विचार ज्यांना करता येईल त्यांनी करावा.

पन्हळ मूळ दरात धरलेली आहे, हे विशेष कौतुकाचे. अनेक जण ती अनावश्यक मानून वगळतात. हिशेब करून पाहावा: १० फूट गुणिले १४ फूट म्हणजे १४० चौरस फुटांचे, जवळपास १३ चौरस मीटरचे छप्पर झाले. त्यावर पडलेल्या प्रत्येक मिलिमीटर पावसाचे १३ लिटर पाणी होते. जुलैमध्ये कोल्हापुरात एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस होणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि तेवढ्या पावसात साडेसहाशे लिटर पाणी दक्षिणेच्या एकाच कडेवरून खाली येते. पन्हळ नसेल तर ते जाळीच्या पायथ्याशीच पडते, पागोळ्यांनी चर पाडते आणि चिखल आत उडवते. आमच्या पन्हळीचे पाणी २०० लिटरच्या पिंपात सोडले आहे, पण ते पिंप १५-१६ मिलिमीटर पावसातच भरते. म्हणून पिंपाच्या तोंडाजवळ दुसरी नळी बसवून जादा पाणी परसाच्या उताराकडे काढून देणे आवश्यक आहे, आणि ही नळी कारखानदार देत नाही.

आता पश्चिमेची बाजू. कोल्हापूरचा पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, आणि उन्हाळ्यातले दुपारी तीननंतरचे ऊनही पश्चिमेकडूनच येते. आठ फुटांच्या या एका टोकावर ऊन आणि झड दोन्ही आदळतात. मूळ आराखड्यात येथे ७५ टक्के सावलीचे हिरवे शेडनेट होते आणि पत्रा फूटभर पुढे होता. उन्हाळ्यात त्याने निर्विवाद चांगले काम केले. नेट जाळीला चिकटवून न बांधता अर्धा फूट अंतर ठेवून ताणले होते, त्यामुळे वारा खेळता राहिला. एप्रिलच्या कोरड्या हवेत दुपारी त्यावर पाणी मारले की आत येणारी झुळूक स्पष्टपणे गार लागत असे. पाऊस सुरू झाल्यावर मात्र चित्र बदलले. शेडनेट पाऊस अडवत नाही, फक्त थेंब बारीक करते. या टोकाला छपराची सरासरी उंची सव्वासहा फूट आहे. पाऊस ४५ अंशांत तिरपा आला की फूटभर पुढे आलेला पत्रा धरूनही पाणी सव्वापाच फूट आत पोहोचते, म्हणजे बारा फुटांच्या आवारातला जवळपास निम्मा भाग भिजतो. हा हिशेब कारखान्यात बसूनही करता आला असता, आणि जिल्ह्यात काम करणाऱ्या माणसाने तो करायला हवा होता असे आमचे स्पष्ट मत आहे.

तक्रार केल्यावर त्याने टाळाटाळ केली नाही. जादा सुमारे ४ हजार रुपये घेऊन त्याने पश्चिमेला तीन फूट पुढे येणारा आणि कडेला जमिनीपासून पाच फुटांपर्यंत खाली उतरणारा पत्र्याचा छज्जा बसवला, आणि जाळीच्या तळाशी अडीच फूट उंचीची पत्र्याची पट्टी मारली. आता ४५ अंशांतला पाऊस जाळीच्या रेषेवर दोन फूट उंचीला येऊन त्या पट्टीवर आदळतो आणि बाहेरच राहतो. वारा त्याहून जोराचा असेल तेव्हासाठी ताडपत्रीचा पडदा आहे. हा पडदा त्याने वरून खाली सोडण्याचा दिला होता. पोल्ट्री शेडमध्ये पडदा खालच्या बाजूला पक्का करून दोरीने वर ओढतात, आणि त्यामागे कारण आहे: पडदा अर्धा चढवला तरी कोंबड्यांच्या उंचीवर झड लागत नाही आणि वरच्या फटीतून दमट, उबदार हवा निघून जाते. वरून सोडलेल्या पडद्यात याच्या बरोबर उलट घडते. तळाशी फट राहते, तिथून पाणी येते आणि वाफ वर कोंडते. आम्ही तो उलटा बसवून मागितला आणि एका दुपारीत तो बसवून मिळाला. जे नव्याने सगळे बांधणार आहेत त्यांनी रात्रीचे खुराडेच पश्चिम टोकाला घ्यावे. त्याची पक्की भिंत ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते आणि छज्जा, पट्टी, पडदा या तिन्हींचा खर्च वाचतो. आमचे खुराडे पूर्वेला असल्याने तो मार्ग आम्हांला मोकळा नव्हता.

वळवाच्या पावसाला मात्र ठरलेली दिशा नसते. तो अर्ध्या तासात चारही बाजूंनी मारून जातो आणि त्यापुढे कोणताही छज्जा पुरा पडत नाही. अशा वेळी भरवसा जमिनीवरच असतो.

कारखानदाराच्या कामात जमीन येत नाही. सांगाड्याचे पाय रोवण्यासाठी खड्डे खणून काँक्रीट टाकून दिले की त्याचे काम संपते. आमच्या परसातली वरची माती काळी आहे; ती पाणी धरून ठेवते आणि कोंबड्यांच्या पायांखाली तुडवली गेली की दलदल होते. अशा मातीवर कितीही चांगले छप्पर उभारले तरी भोवतालच्या जमिनीतले पाणी आत झिरपतेच. त्यासाठी आम्ही आवाराची जमीन ९ इंचांनी उचलून घेतली. ९६ चौरस फुटांना ७२ घनफूट मुरूम लागतो, पण पाणी मारून धुमसल्यावर तो बसतो, म्हणून पूर्ण एक ब्रास (१०० घनफूट) मागवावा. कडेने विटांचा एक थर लावून मुरूम धरून ठेवला, बाहेरच्या तीन बाजूंना वीतभर खोल चर काढून तो उताराकडे नेला, आणि पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात २० मिलिमीटरची खडी पसरली. खडीवर पडलेले पाणी उडत नाही आणि जाळीला चिखल लागत नाही. त्याच खडीखाली फूटभर रुंदीची जाळी आडवी गाडली आहे, त्यामुळे मुंगसाला उकरून आत येता येत नाही.

कोबा का केला नाही, असे अनेक जण विचारतात. रात्रीच्या खुराड्यात कोबा ठीक आहे, कारण तिथे रोज झाडणे सोपे जाते. दिवसाच्या आवारात मात्र कोब्यावर सांडलेले पाणी मुरत नाही, तुसाच्या खालचा थर भिजलेला राहतो आणि वरून कोरडे दिसणारे आवार आतून सडत असते. मुरूम थोडी ओल पितो आणि उघडीप मिळताच वाळतो. शिवाय कोंबड्यांना खड्डा करून धुळीत अंग घोळण्याची जागा लागते. आमच्याकडे ती ईशान्येच्या कोपऱ्यात आहे, जिथे पाऊस सहसा पोहोचत नाही, आणि तिथे कोरडी माती व चुलीची राख मिसळून ठेवलेली असते.

मुरुमावर चार इंच भाताचे तूस. एवढ्या जागेला ते सुमारे ९० किलो लागते. आजरा, राधानगरीकडच्या भात गिरण्यांतून ते सहज मिळते आणि शहराच्या आसपासही विकायला असते. उसाचे चिपाड अधिक स्वस्त पडते आणि ओलही चांगली शोषते, पण एकदा भिजले की त्याचे पापुद्रे बनतात आणि बुरशी धरते. ती बुरशी कोंबड्यांच्या फुप्फुसांत जाते, म्हणून पावसाळ्यात ते वापरू नये. छपरातून एक थेंबही आला नाही तरी जमीन ओली होत असतेच, हे येथे लक्षात घ्यावे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते. दहा कोंबड्या मिळून रोज किलोभर विष्ठा टाकतात असे धरले तर पाऊण लिटर पाणी रोज या तुसावर पडते, आणि पाण्याचे भांडे लवंडले तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून आम्ही उघडी भांडी काढून निपल ड्रिंकर (चोच मारली की थेंब थेंब पाणी देणाऱ्या तोट्या) लावले आणि ते आवाराच्या कडेला, खडीच्या पट्ट्यावर येतील असे बसवले.

तूस ठीक आहे की नाही हे मुठीत घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर ते हळूहळू मोकळे झाले तर ओल योग्य आहे, गोळा तसाच राहिला तर जास्त झाली आहे, आणि अजिबात न धरता भुरभुरत उडाले तर धूळ होण्याइतके ते कोरडे आहे. त्याहून महत्त्वाची तपासणी म्हणजे खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घेणे. उभ्या माणसाला न जाणवणारा अमोनिया तिथे डोळ्यांत झोंबतो, आणि कोंबड्या तर दिवसभर त्याच उंचीवर असतात. ओल्या जागी चुना टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चुना ओल ओढून घेतो हे खरे, पण ओल्या विष्ठेतला अमोनियाही तो अधिक वेगाने मोकळा करतो. त्यापेक्षा भिजलेला गठ्ठा फावड्याने उचलून खतात टाकावा आणि तिथे कोरडे तूस घालावे. रोज संध्याकाळी मूठभर जोंधळा तुसात विखरून टाकला की कोंबड्या स्वतःच ते वर-खाली करतात आणि दाताळे मारण्याचे निम्मे काम त्याच करतात.

खर्चाचे सांगायचे तर सांगाडा, पत्रा, जाळी, दार, पन्हळ आणि शेडनेट मिळून सुमारे ३६ हजार रुपये झाले. छज्जा वेगळा, जमिनीचे काम वेगळे. दहा कोंबड्यांसाठी ही रक्कम मोठी आहे आणि केवळ अंड्यांच्या हिशेबात ती लवकर वसूल होणार नाही. बांबू आणि ताडपत्रीवर याच्या पाचव्या हिश्शात काम भागते, पण ते दर मृगापूर्वी पुन्हा बांधावे लागते. शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी छज्जाऐवजी शेडनेट आणि पांढरा पत्रा यांवर पैसे खर्च करावेत. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे मात्र उतार अधिक तीव्र आणि छज्जा तीन बाजूंनी हवा. पंचगंगेकाठच्या गावांतील लोकांसाठी या कारखानदाराची एक सोय मोलाची आहे. सांगितल्यास तो सांगाडा वेल्डिंगऐवजी नट-बोल्टवर जोडून देतो. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको की राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागल्यावर ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत हाती थोडाच वेळ असतो. तेवढ्यात जाळी आणि पत्रे उतरवून उंचावर नेता येतात.

एक उणीव शेवटी नोंदवणे भाग आहे. सांगाडा साध्या लोखंडी चौकोनी पाइपचा असून त्यावर रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) आणि ऑइल पेंट आहे. पावसाळ्यानंतर वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि पायांच्या तळाशी, म्हणजे जिथे तूस टेकते नेमके तिथे, गंज दिसू लागला. ओल आणि अमोनिया एकत्र आले की रंग फार काळ टिकत नाही. आम्ही ते भाग घासून पुन्हा रंगवले आणि पायांभोवती विटांचा वीतभर कठडा करून तूस दूर ठेवले. नवीन मागणी नोंदवताना पाय तरी जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचे मागावेत, ते काँक्रीटच्या ठोकळ्यावर प्लेट लावून तुसाच्या वर संपतील असे करून घ्यावेत, आणि मागणी फेब्रुवारीतच द्यावी, कारण मे महिन्यात उद्यमनगरातले सगळे फॅब्रिकेटर घरांच्या पावसाळी पत्र्यांच्या कामात गुंतलेले असतात.